रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे – जीवनपरिचय



वर्गात एकदा सहज विचारून बघा, "रविवारची सुट्टी कोणी दिली?" कोणी म्हणेल सरकारने, कोणी म्हणेल मोठ्या बाईंनी! मोठ्यांना विचारलं, तर बरेच जण इंग्रजांचं नाव घेतात, कारण त्यांना चर्चमध्ये जायचं असायचं. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला ही सुट्टी आपोआप मिळालेली नाही. ती मागावी लागली, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षे झटले. आज त्यांच्याविषयी जाणून घेऊया.

बालपण व नोकरी

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात एका साध्या माळी कुटुंबात झाला. परिस्थितीमुळे शिक्षण फार पुढे गेलं नाही. त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. तिथेच त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते झाले.

त्या वेळची मुंबई

मुंबईतली पहिली कापड गिरणी 1854 साली उभारायला सुरुवात झाली. त्यानंतर एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे भागातून माणसं पोटासाठी मुंबईत आली. शहर वाढलं, मालकांची भरभराट झाली, देशात यंत्राचं युग आलं. पण ते यंत्र चालवणाऱ्याचं काय? दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. मोठे सण सोडले तर सुट्टी नाही. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडत नसे. कामावर घेणं आणि काढणं जॉबरच्या हाती, म्हणून त्याची मर्जी सांभाळावी लागे.

1881 साली पहिला फॅक्टरी कायदा आला. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ तास काम करायला परवानगी होती! सात वर्षांचं मूल म्हणजे आपल्या दुसरीतलं लेकरू. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना तर या कायद्यात काहीच मर्यादा नव्हती.

दीनबंधू आणि गिरणी कामगारांची सभा

कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये सुरू केलेले 'दीनबंधू' हे वृत्तपत्र 1880 पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. कामगार आणि शेतकरी यांचे प्रश्न ते त्यात मांडत. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ती देशातल्या पहिल्या कामगार संघटनांपैकी एक मानली जाते. आजच्या युनियनसारखी वर्गणी, नियम, सभासदांची यादी असं काही तिच्यात नव्हतं. तरीही साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? आठवड्यात एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. बस्स, एवढंच!

खरी अडचण कुठे होती?

हा भाग मुलांना जरूर समजावून सांगा. त्या काळी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनाही हिंदुस्थानात कडक कायदा हवा होता. त्यांना कामगारांची दया आली नव्हती. मुंबईचं स्वस्त सूत आणि कापड त्यांना नडत होतं. म्हणून इथले मालक आणि अनेक सुशिक्षित पुढारी म्हणत, की असा कायदा म्हणजे आपल्या कोवळ्या देशी उद्योगाचा गळा घोटणं. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण मग देश मोठा होईपर्यंत कामगाराने किती वर्षं थांबायचं? लोखंडे कामगारांच्या बाजूने उभे राहिले.

ते तसे सावध स्वभावाचे होते. म. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे काही भाग 'दीनबंधू'त छापून पुढचे त्यांनी थांबवले, त्याचा फुल्यांना राग आला होता. पण कामगारांची मागणी मात्र त्यांनी सोडली नाही. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. कामाला ठेवण्याचं किमान वय नऊ झालं, मुलांचे तास सात झाले.

अखेरचे दिवस

विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिक बांधवांना एकत्र आणलं. 1893 च्या मुंबईतील दंगलीनंतर सलोख्यासाठी प्रयत्न केले. सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ते रुग्णांसाठी धावले, आणि त्याच प्लेगने 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचा मृत्यू झाला. 2005 मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आपण काय शिकायचं?

माझ्या वर्गातली काही मुलं दरवर्षी दिवाळीनंतर आई-बाबांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्या घरी रविवार हा वेगळा वार नसतो, कोयता रोज चालतो. त्या मुलांची रिकामी बसकरं पाहिली की वाटतं, लोखंड्यांचं काम अजून अर्धंच झालंय. साखर, कापड, रस्ते, इमारती वाढल्या म्हणजे देश पुढे गेला हे खरं. पण त्या वाढीत राबणाऱ्याचा वाटा किती, हेही मुलांना विचारायला शिकवूया.

येत्या रविवारी मुलांसोबत निवांत बसाल, तेव्हा ही गोष्ट त्यांना नक्की सांगा.