हायगेन्स आणि आपल्या इंजिनाचा गव्हर्नर

मंडळी, बारावीच्या फिजिक्समध्ये प्रकाशलहरींच्या धड्यात भेटलेला हायगेन्स आठवतो ना? तो आपल्या या डेन हाखचाच! (इथे नावाचा उच्चार हाउखन्स असा काहीतरी करतात, आम्ही आपला शाळेतलाच ठेवतो.) पण आम्हा इंजिनीअर मंडळींना तो वेगळ्याच कारणासाठी जवळचा वाटतो. गावाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन ओव्हरहॉल झालं की मेस्त्री शेवटी गव्हर्नर सेट करतो ना, त्यामागचं गणित याचं.

ख्रिस्तियान हायगेन्सचा जन्म 14 एप्रिल 1629 चा. वडील कॉन्स्टंटाइन ऑरेंज घराण्याचे चिटणीस आणि नावाजलेले कवी. मुलाने कायदा शिकून दरबारी कामात पडावं ही त्यांची इच्छा. लायडनला तो कायदा शिकलाही, पण रमला गणितात. 1655 मध्ये त्याने शनीचा चंद्र टायटन शोधला आणि 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. दिवसाला पंधरा मिनिटं चुकणारी घड्याळं पंधरा सेकंदांच्या आसपास आली.

घड्याळाच्याच नादात 1659 मध्ये त्याने गोल फिरणाऱ्या वजनाची बाहेरची ओढ मोजली. वेग दुप्पट केला की ओढ चौपट! दोरीला टांगून गोल फिरवलेल्या लंबकाचंही त्याने गणित मांडलं. एका फेरीचा वेळ गोळ्याच्या वजनावर नाही, तर गोळा टांगल्या जागेपासून किती खाली फिरतो एवढ्यावरच ठरतो. सेकंदाला एक फेरी हवी तर साधारण 25 सेंटिमीटर.

जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर असेच दोन गोळे बसवले. वेग वाढला की गोळे फाकत वर जातात आणि वाफ कमी होते. मात्र 1500 आरपीएमच्या डिझेल इंजिनात हे 25 सेंटिमीटर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतात! म्हणून तिथे वजनांसमोर स्प्रिंग असते. वजनं डिझेल कमी करायला बघतात, स्प्रिंग वाढवायला. नवे लायनर-रिंगा टाकल्यावर इंजिन गरम होऊ द्यायचं, आरपीएम मोजायचा आणि स्प्रिंगचा ताण थोडा थोडा बदलायचा. ताण वाढवला की वेग वाढतो. वेग दहा टक्के वाढला तर वजनांची ओढ एकवीस टक्के वाढते, म्हणून एवढीशी वजनंही पंपाची दांडी हलवू शकतात. पण पिना झिजलेल्या असल्या किंवा दांडी अडकत असली, तर स्प्रिंग कितीही फिरवा, इंजिन रेस होतं, पडतं, पुन्हा रेस होतं. तिथे आधी सांधे बघायचे, मग स्प्रिंग.

गंमत म्हणजे हायगेन्सने इंजिनही करून पाहिलं होतं. 1666 पासून तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होता. तिथे 1673 च्या सुमारास त्याने सिलिंडरमध्ये बंदुकीची दारू उडवली. हवा बाहेर गेली, आतला वायू थंड झाला आणि बाहेरच्या हवेने पिस्टन ढकलला. त्याच वर्षी त्याच्या घड्याळावरच्या ग्रंथात ओढीचे नियम छापले गेले, तेही सिद्धतेशिवाय. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, पण हे इंजिन एक धक्का देऊन थांबायचं. जे सलग फिरतच नाही त्याला गव्हर्नर कसला? पुढे त्याचा मदतनीस पापाँ वाफेकडे वळला.

हायगेन्सची प्रकृती मात्र साथ देईना. 1681 मध्ये आजारी होऊन तो घरी परतला. 1683 मध्ये पॅरिसमधला पाठीराखा मंत्री कोल्बेर वारला, 1685 मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, आणि परतीचा रस्ता बंद झाला. लग्न केलं नव्हतं. वडील 1687 मध्ये गेल्यावर तो बराच काळ हॉफवाइक या त्यांच्या बंगल्यात राहिला. 8 जुलै 1695 रोजी डेन हाखमध्ये त्याचं निधन झालं. फिरत्या वजनाच्या ओढीवरचा पूर्ण निबंध छापला गेला 1703 मध्ये, म्हणजे लिहिल्यावर 44 वर्षांनी!

हॉफवाइक आता संग्रहालय आहे, फोरबुर्ख स्टेशनला अगदी लागून. मुलांना घेऊन जरूर जा.