जुन्या गाड्या भंगारात काढणारा फेरारी

फेरारी म्हटलं की आपल्याकडे अजूनही आधी सचिन आठवतो. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाट कंपनीने २००२ साली त्याला लाल फेरारी ३६० मोडेना दिली, तीही मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे तिच्या कस्टम ड्युटीवरून केवढा गदारोळ झाला, ड्युटी अखेर फियाटनेच कशी भरली आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाकडे कशी गेली, हे सगळं पेपरात येऊन गेलंय. त्या सगळ्या गोंधळात ‘मोडेना’ म्हणजे काय हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. मोडेना हे उत्तर इटलीतलं एक शहर. एन्झो फेरारी तिथे जन्मला, आयुष्यभर तिथेच राहिला आणि तिथेच गेला.

हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये त्याच्या गाडीचं एक तरी पोस्टर असतंच. या माणसाबद्दल मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटली ती गोष्ट अशी, की ज्या जुन्या फेरारींसाठी आज लोक कोट्यवधी डॉलर मोजतात, त्यांचं खुद्द त्याला काडीचंही कौतुक नव्हतं. सीझन संपला की गाडी विकायची. नाही विकली गेली तर मोडून टाकायची. हा माणूस असा का होता, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

एन्झोचा जन्म १८ फेब्रुवारी १८९८ चा, पण नोंद २० तारखेची. जोरदार बर्फ पडल्यामुळे वडिलांना नोंदणीला जाता आलं नाही असं सांगतात. वडील आल्फ्रेदो यांचं घराला लागूनच लोखंडी कामाचं वर्कशॉप होतं. १९०८ मध्ये त्यांनी दहा वर्षांच्या एन्झोला बोलोन्याला मोटारींची रेस बघायला नेलं. फेलिचे नात्सारो ती रेस जिंकला आणि पोराच्या डोक्यात रेसिंगचं भूत शिरलं. १९१६ मध्ये एकाच वर्षात वडील गेले आणि थोरला भाऊही गेला. वर्कशॉप बंद पडलं. सैन्यात भरती झाल्यावर एन्झोच्या वाट्याला काम काय आलं, तर खेचरांना नाल ठोकण्याचं! त्यात तो एवढा आजारी पडला की त्याला सैन्यातून सुट्टी मिळाली.

१९१८-१९ च्या हिवाळ्यात तो नोकरीसाठी तुरिनला फियाट कंपनीत गेला. सोबत त्याच्या कर्नलसाहेबांचं शिफारसपत्र होतं. फियाटने नकार दिला. बाहेर पडून तो व्हॅलेंतिनो पार्कमधल्या एका बाकावर बसून रडला, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये आमच्या मेसच्या पायऱ्यांवर जे दृश्य असतं तेच हे! त्याच्याकडे इंजिनियरिंगची डिग्री नव्हती. ती त्याला मिळाली १९६० मध्ये, बोलोन्या विद्यापीठाकडून, मानद. ना सबमिशन ना व्हायवा.

मग तो ड्रायव्हर झाला. आधी सीएमएन नावाच्या छोट्या कंपनीत, १९२० पासून अल्फा रोमिओमध्ये. त्याच वर्षी सिसिलीच्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत दुसरा आला. तो चांगला ड्रायव्हर होता, पण फार मोठा नव्हे. त्याचं खरं कौशल्य होतं माणसं हेरण्यात आणि फोडण्यात. १९२३ मध्ये फियाटचा व्हित्तोरियो यानो हा हुशार डिझायनर त्याने गोड बोलून अल्फाकडे वळवला. ज्या कंपनीने दारातून परत पाठवलं तिचाच माणूस! याच वर्षी राव्हेन्नाजवळची एक रेस जिंकल्यावर त्याची ओळख काउंट बाराक्का यांच्याशी झाली. त्यांचा मुलगा फ्रान्चेस्को पहिल्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक होता आणि लढाईत मारला गेला होता. त्याच्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवलेला असायचा. त्याच्या आईने तो घोडा शुभशकुन म्हणून एन्झोला दिला. एन्झोने त्यामागे मोडेनाचा पिवळा रंग घातला. आज टी-शर्टपासून कीचेनपर्यंत सगळीकडे दिसणारा घोडा तो हाच.

१९२९ मध्ये त्याने मोडेनात ‘स्कुदेरिया फेरारी’ काढली. स्कुदेरिया म्हणजे घोड्यांची पागा. ही कंपनी गाड्या बनवायची नाही. श्रीमंत हौशी लोकांच्या अल्फा गाड्या रेससाठी तयार करून द्यायच्या, मेकॅनिक पुरवायचे, असा तो धंदा होता. १९३५ मध्ये याच पागेतली अल्फा घेऊन ताझिओ नुव्होलारीने जर्मन लोकांना त्यांच्याच नुर्बुर्गरिंगवर हरवलं. १९३९ मध्ये मात्र एन्झोचं अल्फाशी बिनसलं. वेगळं होताना करारात अट होती की चार वर्षं रेसिंगमध्ये फेरारी हे नाव वापरायचं नाही. म्हणून १९४० मधल्या त्याच्या पहिल्या गाडीवर त्याचं नावच नव्हतं. तिचं नाव नुसतं ‘८१५’, म्हणजे आठ सिलिंडर, दीड लिटर. फियाटचे बरेच पार्ट वापरून ती जमवली होती. अशा फक्त दोन गाड्या झाल्या आणि दोन्ही पहिल्याच रेसमध्ये बंद पडल्या. त्यातली एक नंतर भंगारात गेली.

युद्धात कारखाना ग्राइंडिंग मशीन बनवत होता. १९४३ मध्ये तो जवळच्या मारानेल्लोला हलवला, तिथे त्याच्यावर बॉम्बही पडले. तरी १९४७ मध्ये फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर आली, ती १२५ एस. जोआकिनो कोलोम्बोने तिच्यासाठी दीड लिटरचं व्ही-१२ इंजिन काढलं. (आकडा कसा वाचायचा ते सांगतो. १२५ म्हणजे एका सिलिंडरचे सीसी. गुणिले बारा, झाले १५००. तसंच २५० म्हणजे तीन लिटर.) मे महिन्यात पियाचेन्झाच्या रेसमध्ये ती पुढे असतानाच फ्युएल पंपाने दगा दिला, आणि दोनच आठवड्यांनी ती रोममध्ये जिंकली. ही पहिलीवहिली फेरारी आज बघायला मिळावी ना? नाही मिळत. त्या गाड्या उघडून त्यांचे पार्ट पुढच्या मॉडेलमध्ये वापरले गेले.

एन्झोचा हिशोब सरळ होता. त्याला रेस करायची होती आणि रेसला पैसा लागतो. म्हणून तो रस्त्यावरच्या गाड्या बनवून राजेरजवाड्यांना आणि सिनेमावाल्यांना विकायचा. दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी त्याचा गिऱ्हाईक होता. बाकीच्या कंपन्या गाड्या विकायला रेस करायच्या, हा रेस करायला गाड्या विकायचा. गेल्या वर्षीची रेसिंग कार म्हणजे पुढच्या वर्षीच्या कारचं भांडवल. १९६१ मध्ये शार्कच्या नाकासारखं तोंड असलेल्या १५६ गाडीने फॉर्म्युला वनची चॅम्पियनशिप जिंकली, फिल हिल चॅम्पियन झाला, आणि नंतर त्या सगळ्याच्या सगळ्या गाड्या मोडून टाकल्या. एकही ठेवली नाही. आज कुठे शार्कनोज दिसली तर ती नव्याने बनवलेली प्रतिकृती असते.

गाड्यांचं एक वेळ ठीक आहे. माणसांचं काय? इथे मला हा माणूस समजत नाही. १९५५ मध्ये आस्कारी, १९५७ मध्ये कास्तेलोत्ती, १९५८ मध्ये मुस्सो आणि कॉलिन्स, १९६१ मध्ये फॉन ट्रिप्स, हे सगळे फेरारी चालवताना मेले. १२ मे १९५७ ला मिले मिलिया शर्यतीत ग्विदित्सोलो गावाजवळ दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा साथीदार आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नवांत पाच लहान मुलं होती. मिले मिलिया त्या वर्षीच बंद झाली आणि एन्झोवर मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. त्यातून तो १९६१ मध्ये सुटला. मुस्सो गेल्यावर व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने त्याची तुलना स्वतःची मुलं खाणाऱ्या सॅटर्न देवाशी केली.

आणि याच काळात त्याच्या घरात काय चाललं होतं? त्याचा मुलगा दिनो स्नायूंच्या असाध्य आजाराने खंगत चालला होता. बापासारखंच त्यालाही इंजिनांचं वेड. आजारपणातही यानोबरोबर तो नव्या व्ही-६ इंजिनाची चर्चा करायचा. ३० जून १९५६ ला तो गेला, वय वर्षं २४. त्यानंतर वर्षानुवर्षं एन्झो सकाळी मुलाच्या कबरीवर जायचा आणि मग कारखान्यात. त्या व्ही-६ ला त्याने दिनोचं नाव दिलं. रेस बघायला ट्रॅकवर जाणं तर त्याने जवळजवळ बंदच केलं. एवढं दुःख भोगलेला बाप दुसऱ्यांच्या पोरांना पुढच्या रविवारी पुन्हा गाडीत कसा बसवत होता, याचं उत्तर मला कुठे सापडलं नाही. काही लोक म्हणतात तो आतून पार तुटला होता, काही म्हणतात तो मुळातच तसा होता. काळा चष्मा लावून बसायचा, त्यामुळे फोटोतूनही काही कळत नाही.

१९६१ च्या शेवटी त्याचे आठ वरिष्ठ लोक एकदम बाहेर पडले. त्यात २५० जीटीओवर काम करणारा बित्सारिनीही होता. उरलेलं काम माउरो फोरगिएरी या पंचविशीतल्या पोराकडे आलं. (आपल्या सिनियर्सपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा!) जीटीओ म्हणजे ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो, अर्थात रेसिंगसाठी मान्यताप्राप्त टूरिंग कार. नियमाने शंभर गाड्या बनवायला हव्या होत्या. फेरारीने सांगितलं की ही नवी गाडी नाहीच, आधीच्या २५० जीटीचीच सुधारलेली आवृत्ती आहे, आणि १९६२ ते १९६४ मध्ये बनवल्या त्या फक्त ३६, फार तर ३९, कशा मोजता त्यावर. तीन लिटरचं व्ही-१२, सहा वेबर कार्ब्युरेटर, जवळजवळ ३०० हॉर्सपॉवर. मागे मात्र साधा सॉलिड ॲक्सल. बॉडी स्कालिएत्तीच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बनवली, त्यामुळे दोन जीटीओ तंतोतंत सारख्या नाहीत. फिटिंग शॉपमध्ये ज्यांनी फाइल घासलीय त्यांना हे वाचून बरं वाटेल.

रेसिंगमधून बाद झाल्यावर जीटीओ ही फक्त जुनी गाडी उरली. एका जीटीओची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. ती टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या हायस्कूलला दान मिळाली, मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुलांनी शिकावं म्हणून. १९७२ मध्ये शाळेने ती ६,५०० डॉलरला विकली. नव्या मालकाने ओहायोत आणून ती ट्रेलरवर ठेवली आणि पुढे जवळपास पंधरा वर्षं ती उघड्या शेतात ऊनपाऊस खात उभी होती. आमच्या वर्कशॉपच्या मागे एक कटसेक्शन केलेली जुनी गाडी गंजत पडलीय. तिच्याकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघतो.

एन्झोची पुढची कथा बऱ्याच जणांना माहीत असते. १९६३ मध्ये फोर्ड कंपनी विकत घ्यायला आली. रेसिंगच्या खर्चावर फोर्डची परवानगी लागणार हे कळल्यावर म्हाताऱ्याने सौदा मोडला. फोर्डने चिडून १९६६ मध्ये ले मान्सला पहिले तिन्ही नंबर पटकावले, त्याच्यावर सिनेमाही निघाला. १९६९ मध्ये त्याने निम्मी कंपनी विकली ती फियाटला, त्याच फियाटला. पण रेसिंग स्वतःच्या हातात ठेवून. पिएरो हा त्याचा दुसरा मुलगा, लग्नाबाहेरच्या संबंधातून १९४५ मध्ये झालेला. त्याला फेरारी हे आडनाव लावता आलं ते एन्झोची बायको लाउरा १९७८ मध्ये गेल्यानंतरच.

१४ ऑगस्ट १९८८ ला, नव्वदाव्या वर्षी एन्झो गेला. त्याच्याच इच्छेप्रमाणे आधी अंत्यविधी उरकला आणि मग जगाला बातमी दिली. त्या वर्षीच्या १६ पैकी १५ रेस मॅक्लारेनने जिंकल्या. उरलेली एक ११ सप्टेंबरची मोंझाची, तिथे फेरारी पहिली आणि दुसरी आली.

तो गेला आणि जुन्या फेरारींचे भाव भडकले. १९८९ मध्ये जीटीओ एक कोटी डॉलरच्या वर गेली, नव्वदच्या दशकात बाजार कोसळल्यावर निम्म्याहूनही खाली आली, आणि परत चढली. २०१८ मध्ये लिलावात एक ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली, २०२३ मध्ये त्याच मालिकेतली एक ५ कोटी १७ लाखांना. २०१९ मध्ये बोलोन्याच्या कोर्टाने जीटीओचं डिझाइन ही कलाकृती आहे असं मान्य केलं. त्या भावाला विकायच्या गाडीचं चासी, इंजिन, गिअरबॉक्स हे सगळं मूळचंच आहे का, हा मग लाखमोलाचा प्रश्न होतो. मारानेल्लोत त्यासाठी ‘क्लासिके’ नावाचा वेगळा विभाग आहे. गाड्या गेल्या तरी कारखान्याचे कागद बरेच राहिलेत. कुठल्या चासीत कुठल्या नंबरचं इंजिन बसवलं होतं ते त्यात बघून सर्टिफिकेट मिळतं. मूळ इंजिन हरवलंच असेल, तर जुन्या ड्रॉइंगवरून नवा ब्लॉक ओतून देतात. त्याचे पैसे अर्थात वेगळे.