खिचडी, समोसा, लोणचं सगळं लिहिलं, मग इब्न बतूताला आपली भाकरी का दिसली नाही?

बीड शहराजवळ एक कबर आहे. ती कुठल्या राजाची नाही की सरदाराची नाही. ती आहे एका दाताची.

झालं असं की, दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक दक्षिणेतल्या माबरच्या मोहिमेवर निघाला होता. वाटेत सैन्यात साथ पसरली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि माघारी फिरला. बीडला मुक्काम पडला तेव्हा त्याची दाढदुखी सुरू झाली. दात काढला, तो थाटामाटात पुरला आणि त्यावर कबर बांधली, असं फिरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय.

आता प्रश्न असा की, हा सुलतान खायचा काय? याचं उत्तर आपल्याला पहिल्या पदार्थापासून शेवटच्या विड्यापर्यंत माहिती आहे. कारण त्या काळात त्याच्या दरबारात एक परदेशी पाहुणा होता आणि तो पाहुणा काहीच विसरायचा नाही.

त्याचं नाव इब्न बतूता. गाण्यामुळं हे नाव तुमच्या कानावरून गेलं असेलच. पण या माणसानं भारतात काय खाल्लं आणि त्यानं काय लिहायचं राहून गेलं, हे कळलं की आपल्या ताटाचाही थोडा इतिहास कळतो.

एकविसाव्या वर्षी घर सोडलं

इब्न बतूताचा जन्म १३०४ सालचा, मोरोक्कोतल्या टँजियर शहरातला. घराणं काझींचं, म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्यांचं. १३२५ मध्ये तो हजला म्हणून घराबाहेर पडला. वय होतं एकवीस. जायचं होतं मक्केला, पण गडी मक्केत थांबलाच नाही. इराक, इराण, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान, मध्य आशिया असं फिरत फिरत सप्टेंबर १३३३ मध्ये तो सिंधू नदीच्या काठावर पोहोचला.

तुघलक परदेशातून आलेल्या विद्वानांना मोठमोठ्या नोकऱ्या देतो, हे त्याच्या कानावर आलं होतं. दिल्लीत त्याला काझीपद मिळालं आणि वर्षाला १२ हजार दिनार पगारही ठरला. गंमत म्हणजे त्याला दरबाराची फारसी भाषा येत नव्हती. म्हणून सुलतानानं त्याच्या हाताखाली दोन मदतनीस दिले. ही भाषेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

सुलतानाची पंगत

जेवणाची सुरुवात व्हायची खडीसाखरेच्या सरबतानं. मग पातळ रोट्या, भाजलेलं मांस, तुपातल्या गोड पोळ्या. त्यानंतर तूप, कांदा आणि ओलं आलं घालून शिजवलेलं मांस. मग यायचा समोसा. खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पारीत भरून तुपात तळलेला. पुढं तुपातला भात आणि त्यावर कोंबडी. मग गोड. शेवटी जवाचं पेय आणि त्यानंतर विडा.

या समोशात बटाटा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण बटाटा तेव्हा भारतातच काय, आशियातही नव्हता. तो अमेरिकेतून यायला अजून काही शतकं बाकी होती.

विड्याचं त्याला फार नवल वाटलं. इथं पाहुण्याला सोनं-चांदी दिल्यापेक्षा पाच पानं दिली तर तो मोठा मान समजतात, असं त्यानं नोंदवलंय.

पण इब्न बतूता फक्त शाही मेजवानीवर थांबला नाही. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, त्यावर तूप घालून लोक रोज सकाळी खातात, हे त्यानं लिहिलं आणि त्याचं नावही दिलं, खिचडी. आपल्या लोकांना समजावं म्हणून त्यानं तिची तुलना मोरोक्कोतल्या हरिरा नावाच्या सूपशी केली. कैऱ्या मीठ लावून मुरवतात, तसंच आलं आणि मिरीही मुरवतात आणि घासाघासाला थोडं थोडं तोंडी लावतात, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे आपलं लोणचंच. तेव्हा मिरी होती, मिरची नव्हती.

कोद्रासारखी भरड धान्यं, आपोआप उगवणारं आणि गोरगरीब खातात ते सावा, मटकी, चवळी, हरभरा अशी पिकांची यादीच त्यानं दिली आहे.

मग दुष्काळ पडला

तुघलकानं गंगा-यमुनेच्या दुआबात कर वाढवला होता. त्यातच पावसानं दगा दिला. दिल्लीच्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला. अनेक महिन्यांपूर्वी मेलेल्या घोड्याचं कातडं कापून खाणाऱ्या बायका इब्न बतूतानं आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. सुलतानानं दिल्लीकरांना सहा महिन्यांचं धान्य वाटायचा हुकूम दिला. इब्न बतूताकडं कुतुबुद्दीन मुबारक या आधीच्या सुलतानाच्या कबरीची व्यवस्था होती. तिथल्या अन्नछत्राचा रोजचा शिधा, पीठ आणि मांस, त्यानं त्या काळच्या मापानं १२ मणांवरून ३५ मणांवर नेला.

तो स्वतः मात्र तुघलकाच्या मर्जीवर जगत होता आणि ही मर्जी कधी फिरेल याचा नेम नव्हता. सुलतानाच्या मनातून उतरलेल्या एका शेखला तो भेटून आला आणि त्याच्यावर पहारा बसला. पहाऱ्यातल्या लोकांचं पुढं काय होतं, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं सलग पाच दिवस उपास केला आणि फक्त पाण्यावर राहिला. शेखचा जीव गेला, हा वाचला. पंचपक्वान्नांच्या पंगतीत बसणाऱ्या माणसाला सगळं सोडून फकिरासारखं राहावंसं वाटलं आणि काही महिने तो तसा राहिलाही.

मूठभर फुटाण्यांनी जीव वाचवला

पण सुलतानानं त्याला पुन्हा बोलावलं. चीनच्या बादशहाकडं भेटी घेऊन जायचं होतं. १३४२ मध्ये तो दिल्लीतून निघाला आणि अलीगढजवळ त्याच्या तांड्यावर हल्ला झाला. तो एकटा पडला, पकडला गेला, सुटला आणि रानोमाळ भटकू लागला. अंगावर धड कपडे नाहीत, खायला बोरं आणि झाडपाला. एका विहिरीवर पाणी काढायला भांडं नव्हतं म्हणून त्यानं पायातला जोडा बांधून आत सोडला. तोही तुटून पडला.

तेवढ्यात काठी आणि पाण्याचं भांडं घेतलेला एक अनोळखी माणूस आला. त्यानं झोळी सोडली आणि भाजलेले हरभरे नि थोडे तांदूळ काढून दिले. पाणी पाजलं. इब्न बतूताला चालवेना, तेव्हा त्याला पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत आणून सोडलं.

या जेवणाचं वर्णन एवढंच, एका ओळीचं. पण सुलतानाच्या समोशापेक्षा हे फुटाणे जास्त लक्षात राहतात.

दौलताबादला आला, नंदुरबारला गेला

त्यानंतर ग्वाल्हेर, उज्जैन करत तो दौलताबादला पोहोचला. हे बीडपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. १३२७ मध्ये तुघलकानं राजधानी इथंच हलवली होती. सुलतान दौलताबादला असताना त्याच्यासाठी प्यायला गंगेचं पाणी यायचं. वाट होती चाळीस दिवसांची. टँकरची वाट बघितलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला यातली मेख बरोबर कळेल.

दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं त्याला आवडली. त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो, असं त्यानं लिहिलंय. मग नंदुरबारला त्यानं मराठ्यांबद्दल, म्हणजे या मुलखातल्या लोकांबद्दल लिहिलं. हे लोक कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत. त्यांच्यातले वरच्या थरातले लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात. जिवाला इजा करणं त्यांना आवडत नाही. जेवणाआधी ते स्वच्छ आंघोळ करतात. दारूला ते फार मोठं पाप समजतात.

झालं. मराठी ताटाबद्दल एवढंच. त्यात ज्वारी नाही, बाजरी नाही आणि भाकरीही नाही.

भाकरी गेली कुठं?

ज्वारी-बाजरी काही तुघलकानंतर आलेली नाही. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत ती त्याच्या कितीतरी आधीपासून पिकत होती. मग ती दिसली का नाही?

पहिलं कारण त्या नोंदीतच आहे. तो वरच्या थरातल्या लोकांच्या जेवणाबद्दल सांगतोय. दुसरं कारण भाषा. ज्याला दरबाराची फारसी बोलता येत नव्हती, तो शेतकऱ्याच्या चुलीपुढं बसून काय विचारणार? आणि तिसरं कारण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. पाहुण्याला रोजचं जेवण कुणी वाढत नाही.

आजी-आजोबांना विचारून बघा. मराठवाड्यात रोज ज्वारीची भाकरी असायची, गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तर. पाहुण्याच्या ताटात पुरणपोळी आणि घरच्यांच्या ताटात सकाळची भाकरी, हे अनेक घरांनी केलंय. मग पाहुण्यानं जाऊन लिहिलं तर तो पोळीच लिहिणार.

इब्न बतूताला असा पाहुणचार अंगवळणी पडला होता. होन्नावरच्या सुलतानाकडं तो अकरा महिने राहिला, तिथं तूप-भात, कोंबडी, मासे, लोणची आणि शेवटी दही असं जेवण होतं. पण रोटी नाही. मलबार, मालदीव, श्रीलंका असं मिळून तीन वर्षं भातच खाऊन त्याला एवढा कंटाळा आला की, घास पाण्याबरोबर गिळावा लागायचा. गावाकडच्या माणसाला शहरातल्या मेसमध्ये जे होतं, तेच.

कालिकतच्या किनाऱ्यावर वादळानं भेटींचं जहाज बुडालं. तुघलकाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून तो दिल्लीला परतलाच नाही. मालदीवमध्ये काझी झाला, चीनपर्यंत गेला आणि १३४९ मध्ये घरी पोहोचला. आई काही महिन्यांपूर्वीच साथीत गेली होती.

पुढं तो आफ्रिकेतल्या मालीला गेला. तिथल्या सुलतानाकडून स्वागताची भेट आली, तेव्हा त्याला वाटलं पोशाख आणि पैसे असतील. निघाल्या तीन रोट्या, तळलेल्या मांसाचा तुकडा आणि भोपळ्यातलं दही. त्याला हसू आलं. समोर रोजचं अन्न आलं, तेव्हा त्याला तो अपमान वाटला.

१३५५ मध्ये त्यानं आठवणी सांगितल्या आणि इब्न जुझय नावाच्या लेखकानं त्या लिहून काढल्या. १३६८-६९ च्या सुमारास तो गेला. त्याच्या प्रवासातल्या काही भागांवर अभ्यासक शंका घेतात. पण खिचडी नि लोणच्याचं वर्णन आजही तंतोतंत पटतं.

आज तो बीडला आला तर?

त्याच्या ताटात भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी येईल आणि वर चहा. सोबत बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, ज्याला बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालंय. यातली मिरची, शेंगदाणा आणि सीताफळ ही तिन्ही मूळची अमेरिकेतली, तर चहा घरोघरी पोहोचला तो इंग्रजांच्या काळात. त्या ताटात त्याच्या काळापासून जागेवर असलेली गोष्ट एकच, त्यानं न लिहिलेली भाकरी.

बीडमध्ये सुलतानाच्या एका दाताला कबर मिळाली. त्याच बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी माणसं पहाटे अंधारात चूल पेटवून भाकरी थापतात आणि फडक्यात बांधून फडात नेतात. त्यांच्या जेवणाची नोंद करायला कुठला बतूता येणार नाही. ती आपल्यालाच ठेवावी लागेल.

सुरुवात सोपी आहे. आज घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा की, तुमच्या लहानपणी पाहुणा नसताना ताटात काय असायचं?