जॉर्ज कार्व्हर आणि गरिबांची परसबाग

अमेरिकेतील मिसूरी राज्यात डायमंड नावाचे एक लहानसे गाव आहे. इ. स. १८६४ च्या सुमारास या गावाजवळ मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या घरी जॉर्जचा जन्म झाला. त्याची आई त्या घरची गुलाम होती. जॉर्ज तान्हा असतानाच लुटारूंनी मायलेकरांना पळवून नेले. मूल परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही.

मोझेस व त्याची पत्नी सुझन यांनी त्या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. जॉर्ज प्रकृतीने अशक्त होता; म्हणून शेतातील जड कामांऐवजी घरकाम व बागकाम त्याच्या वाट्यास आले. जवळच्या रानात त्याने स्वतःची लहानशी बाग केली. कोमेजलेली रोपे त्याच्या हातून पुन्हा टवटवीत होत. शेजारीपाजारी त्यास झाडांचा वैद्य म्हणून ओळखू लागले.

विद्येसाठी तो गावोगाव हिंडला. कोठे कपडे धुऊन, कोठे स्वयंपाक करून त्याने पोट भरले. कातडीच्या रंगामुळे एका महाविद्यालयाने त्यास प्रवेश नाकारला. तरी त्याने धीर सोडला नाही. १८९६ साली त्याने आयोवा येथे कृषिशास्त्राची उच्च पदवी मिळविली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आमंत्रणावरून कार्व्हर अलाबामा राज्यातील टस्कीगी येथील संस्थेत अध्यापक झाले.

तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची स्थिती हृदयद्रावक होती. गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण कर्जाची बेडी पायांत होतीच. मालकाची जमीन ते वाट्याने करीत. कापूस थेट झोपडीच्या दारापर्यंत लावलेला असे. भाजीपाल्यास जागाच उरत नसे. अन्न दुकानातून उधारीने येई आणि कापसाचा पैसा ती उधारी फेडण्यात जाई. मक्याचे पीठ, खारवलेले मांस व काकवी यांवर गुजराण करावी लागल्याने पेलाग्रासारखे रोग बळावत.

या दैन्यावरचा एक उपाय दाराशीच आहे, हे कार्व्हर यांनी ओळखले. घराभोवतीच्या तुकड्यात भाजीपाला लावावा, असे ते सांगू लागले. विकतचे खत गरिबांस परवडत नसे; म्हणून रानातील पालापाचोळा व दलदलीतील गाळ कुजवून खत करण्यास त्यांनी शिकविले. चवळी व भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात. कापसाने निकस झालेल्या जमिनीत ही पिके घेण्याचा त्यांचा आग्रह असे.

१९०६ साली त्यांच्या आराखड्यानुसार एक फिरती शाळा सुरू झाली. अवजारे व बियाणे घेऊन तिची गाडी खेडोपाडी जाई व लोकांस प्रत्यक्ष काम करून दाखवी. ज्यांस वाचता येई, त्यांच्यासाठी कार्व्हर यांनी सोप्या पुस्तिका लिहिल्या. १९१८ च्या एका पुस्तिकेत टोमॅटोची लागवड व त्याचे ११५ पदार्थ दिले होते. हंगामात फळे व भाज्या वाळवून किंवा बरण्यांत भरून ठेवल्या, तर हिवाळ्यात दुकानाची पायरी चढावी लागत नाही, हेही त्यांनी समजावून दिले.

केवळ परसबागेने मालकांचा जाच संपला नाही. परंतु जेथे ती फुलली, तेथे मुलांच्या ताटात ताजी भाजी आली आणि उधारीचा भार हलका झाला.

कार्व्हर स्वतः अत्यंत साधेपणाने राहिले. जुन्या कोटावर एखादे ताजे फूल, एवढाच त्यांचा थाट असे. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी टस्कीगी येथील संशोधनकार्यास दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. लहानपणी रानात रोपे जगविणाऱ्या त्या पोरक्या मुलाने अनेक गरीब घरांच्या दारी अन्न पिकविण्याची विद्या पोहोचविली होती.