डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनवरची सूचना आणि डॉक्टर झालेला केमिकल इंजिनिअर

डाएट कोल्ड्रिंकचा कॅन किंवा शुगर-फ्री च्युइंगमचं पाकीट कधी नीट वाचलंय का? अ‍ॅस्पार्टेम घातलेलं असेल तर बारीक अक्षरात एक सूचना असते, की फिनाइलकिटोन्यूरिया असलेल्यांनी हे घेऊ नये. मीही अ‍ॅपच्या टर्म्स अँड कंडिशन्ससारखी ही ओळ कित्येक वर्षं न वाचताच सोडत होतो. एकदा ऑफिसच्या कँटीनच्या रांगेत कंटाळून तो लांबलचक शब्द मोबाईलवर शोधला आणि थेट नॉर्वेला पोहोचलो. तिथे भेटले आस्ब्यॉर्न फोलिंग.

आधी इंजिनिअर, मग डॉक्टर

फोलिंग यांचा जन्म १८८८ चा, नॉर्वेतल्या एका शेतकरी घरातला. ट्रॉनहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९१६ मध्ये ते केमिकल इंजिनिअर झाले. तेवढ्यावर न थांबता मेडिकलला गेले आणि १९२२ मध्ये ओस्लोहून डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आले. शरीरात अन्नाचं रासायनिकदृष्ट्या काय होतं, हा त्यांचा विषय होता. रसायनशास्त्राचा हा पाया पुढे फार कामाला आला.

एका आईचा प्रश्न

१९३४ मध्ये ओस्लोतली एक आई तिच्या दोन मुलांना घेऊन त्यांच्याकडे आली. मुलगी साधारण ६ वर्षांची, तिला जेमतेम काही शब्द यायचे. मुलगा ४ वर्षांचा, तो ना चालायचा ना बोलायचा. दोघंही जन्मले तेव्हा ठीक दिसत होते, मग हळूहळू त्यांची बौद्धिक वाढ खुंटली. आईने बरेच डॉक्टर पालथे घातले होते. मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक विचित्र वास येतो, हेही ती सांगत होती. त्या वासाचा आजाराशी काही संबंध आहे का, याचं उत्तर तिला कुणीच दिलं नव्हतं.

फोलिंग यांनी लघवीच्या नेहमीच्या तपासण्या केल्या. त्यातली एक फेरिक क्लोराइडची होती. या चाचणीत नेहमी तपकिरी रंग येतो, मधुमेहात कधीकधी जांभळट लाल येतो. इथे आला गडद हिरवा!

आमच्या भाषेत हा बग रिपोर्ट झाला, आणि त्यांनी तो हाताळला अगदी डिबगिंगच्या पद्धतीने. हा रंग एखाद्या औषधामुळे तर आला नसेल? म्हणून आईला सांगितलं, आठवडाभर मुलांची सगळी औषधं बंद ठेवा आणि नमुना परत आणा. रंग पुन्हा हिरवाच आला. मग आई लघवीचे नमुने आणत राहिली आणि फोलिंग प्रयोगशाळेत त्यातला पदार्थ वेगळा काढत बसले. वीसेक लिटर लघवी लागली. हवेतल्या ऑक्सिजनने तो पदार्थ बिघडतो हे लक्षात आल्यावर ऑक्सिजन दूर ठेवून काम करावं लागलं. शेवटी शुद्ध पदार्थ हाती आला, तो होता फिनाइलपायरुविक आम्ल.

दोन मुलांवरून निष्कर्ष काढायचा नाही म्हणून त्यांनी संस्थांमध्ये ठेवलेल्या ४३० जणांची तीच चाचणी केली. आणखी ८ जणांमध्ये हिरवा रंग आला. त्याच वर्षी निबंध छापून आला. काही रुग्ण एकमेकांची भावंडं होती, त्यामुळे आजार आनुवंशिक असावा असा संशय बळावला.

नेमकं बिघडतं काय?

दूध, डाळ, अंडी, मांस अशा सगळ्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. आपल्या यकृतातलं एक एन्झाइम त्याचं दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतं. ते एन्झाइम बनवण्याची सूचना असलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं, तर हे काम अडतं. फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता ४ पैकी १ असते.

याला फूड अ‍ॅलर्जी समजू नका. अ‍ॅलर्जीत आपली रोगप्रतिकारशक्ती अन्नाला शत्रू समजून हल्ला करते. इथे अन्न पचतं, पुढची प्रक्रिया मात्र होत नाही. अ‍ॅस्पार्टेम पोटात गेल्यावर त्यातूनही फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं, म्हणून कॅनवर ती सूचना असते. हा आजार नसलेल्यांना या सूचनेची काळजी करण्याचं कारण नाही.

उत्तर मिळालं, पण उशिरा

वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण मुलांसाठी काही करता आलं नाही. मेंदूची इजा होऊन गेली होती आणि तेव्हा उपचारही नव्हता. मुलगा लहानपणीच गेला.

१९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान मुलीला फिनाइलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार दिला आणि तिच्यात सुधारणा दिसली. पण आहार जन्मानंतर लगेच सुरू झाला तरच मेंदू वाचतो, आणि लघवीतला हिरवा रंग तर बाळ काही आठवड्यांचं झाल्यावरच दिसतो. हा पेच १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी सोडवला. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, कागदावर टिपायचा आणि तपासायचा. आज अनेक देशांत प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते. वेळेत सापडलेली मुलं पथ्य पाळून शाळा, कॉलेज, नोकरी सगळं करतात. भारतात मात्र ती अजून प्रत्येक बाळाची होत नाही. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर नवजात तपासणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

फोलिंग यांना १९६२ मध्ये अमेरिकेत केनेडी पुरस्कार मिळाला. १९७३ मध्ये ते गेले. नॉर्वेत आजही हा आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्या आईचं नाव मात्र कुठल्याच कॅनवर नाही. वासाबद्दल ती विचारत राहिली नसती, तर ती चाचणी कदाचित झालीच नसती.