जॉन न्यूटन (धर्मोपदेशक)

जॉन न्यूटन (जन्म : २४ जुलै १७२५, जुन्या दिनदर्शिकेनुसार, मृत्यू : २१ डिसेंबर १८०७) हे अँग्लिकन चर्चचे पाळक आणि स्तोत्रकार होते. तरुणपणी ते आफ्रिकेतून माणसे विकत घेऊन वेस्ट इंडीजमध्ये नेणाऱ्या जहाजांचे कप्तान होते. उतारवयात त्यांनी याच व्यापाराविरुद्ध जाहीर साक्ष दिली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायले जाणारे ख्रिस्ती स्तोत्र त्यांनीच रचले. समुद्रावरील वादळात न्यूटन यांना ईश्वराची ओळख पटली आणि त्यांनी तत्काळ गुलामांचा व्यापार सोडला, अशी लोकप्रिय समजूत आहे. मात्र ती खरी नाही. त्या वादळानंतरही सहा वर्षे ते त्या व्यापारासाठी समुद्रावर जात होते आणि त्याचा जाहीर निषेध करायला त्यांना चाळीस वर्षे लागली. त्यामुळे धर्मश्रद्धेने माणसाचे आचरण सुधारते का, या प्रश्नाच्या चर्चेत त्यांच्या चरित्राचा उल्लेख वारंवार होतो.

बालपण

न्यूटन यांचा जन्म लंडनमधील थेम्स नदीकाठच्या वॉपिंग या खलाशांच्या वस्तीत झाला. त्यांचे वडील भूमध्य समुद्रातील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. आई एलिझाबेथ या अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथातील भाविक स्त्री होत्या. त्यांनी मुलाला लहानपणीच बायबलमधील उतारे, प्रश्नोत्तरे व स्तोत्रे पाठ करायला लावली होती. मुलाने पुढे धर्मोपदेशक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. न्यूटन यांना सात वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास आईचे क्षयरोगाने निधन झाले. वडिलांनी दुसरा विवाह केला. सुमारे दोन वर्षांच्या निवासी शाळेतील शिक्षणानंतर, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यूटन वडिलांबरोबर जहाजावर गेले. त्यांचे शालेय शिक्षण एवढेच झाले.

आरमार आणि आफ्रिकेतील हालअपेष्टा

१७४२ च्या अखेरीस केंट परगण्यात न्यूटन यांची मेरी कॅटलेट यांच्याशी भेट झाली आणि त्यांचे मन तिच्यावर जडले. तिच्या सहवासात अधिक काळ राहता यावे म्हणून त्यांनी ठरलेली सफर चुकवली. १७४४ मध्ये त्यांना सक्तीने ब्रिटिश आरमारात भरती करण्यात आले आणि ‘हार्विच’ या युद्धनौकेवर पाठवण्यात आले. तेथे त्यांना कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला होता. परंतु त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला. पकडले गेल्यावर सर्वांसमक्ष त्यांना फटके मारण्यात आले आणि साध्या खलाशाच्या पदावर उतरवण्यात आले. या काळात त्यांनी धर्मावरील विश्वास सोडला होता. इतरांच्या श्रद्धेची ते उघडपणे टवाळी करीत. त्यांच्या तोंडची शिवराळ भाषा मुरलेल्या खलाशांनाही धक्का देणारी होती.

पुढे अदलाबदलीत ते पश्चिम आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका गुलामवाहू जहाजावर गेले. १७४५ च्या सुमारास ते सध्याच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळील प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीत राहिले. त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन पत्नीने त्यांना फार वाईट वागवले. ते तापाने आजारी असताना त्यांना पुरेसे अन्नपाणीही मिळत नसे. बेड्या घातलेले गुलाम आपल्या वाट्यातले थोडे अन्न त्यांना चोरून देत असत. या दैन्यातही त्यांनी जवळ असलेले युक्लिडच्या भूमितीचे पुस्तक सोडले नाही. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत काठीने आकृत्या काढून त्यांनी प्रमेये आत्मसात केली.

वादळ आणि श्रद्धेचा आरंभ

वडिलांच्या विनंतीवरून ‘ग्रेहाउंड’ या व्यापारी जहाजाच्या कप्तानाने न्यूटन यांचा शोध घेतला आणि त्यांना परतीच्या प्रवासात बरोबर घेतले. १० मार्च १७४८ रोजी (नव्या दिनदर्शिकेनुसार २१ मार्च) उत्तर अटलांटिक महासागरात या जहाजाला भीषण वादळाने गाठले. जहाजाची एक बाजू फुटली आणि पाणी आत घुसले. पाणी उपसता उपसता न्यूटन यांच्या तोंडून नकळत ईश्वराच्या दयेची याचना निघाली. सुमारे चार आठवड्यांनी मोडकळीस आलेले जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. तेव्हापासून २१ मार्च हा दिवस ते आयुष्यभर कृतज्ञतेने पाळत असत.

यानंतर त्यांच्या आचरणात बदल दिसू लागला. शिवीगाळ थांबली, बायबलचे वाचन आणि प्रार्थना नियमित सुरू झाली. मात्र खऱ्या अर्थाने आपण त्या वेळी श्रद्धावान झालो होतो, असे म्हणता येणार नाही, असे मत त्यांनी स्वतःच पुढे नोंदवले आहे.

गुलामवाहू जहाजांचे कप्तान

वादळानंतर काही महिन्यांतच न्यूटन ‘ब्राउनलो’ या गुलामवाहू जहाजावर कप्तानाच्या खालोखालचे अधिकारी म्हणून रुजू झाले. १ फेब्रुवारी १७५० रोजी त्यांचा मेरी कॅटलेट यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर लिव्हरपूलचे व्यापारी जोसेफ मॅनेस्टी यांच्या नोकरीत त्यांनी कप्तान या नात्याने तीन सफरी केल्या. पहिली १७५०–५१ मध्ये ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या जहाजाची, तर दुसरी व तिसरी १७५२ ते १७५४ या काळात ‘आफ्रिकन’ या जहाजाची होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोनमहिने थांबून स्त्री-पुरुष व मुले विकत घ्यायची, त्यांना बेड्या घालून जहाजाच्या पोटात कोंबायचे आणि वेस्ट इंडीजमध्ये विकायचे, असा हा व्यवसाय होता.

या सफरींच्या रोजनिशीत न्यूटन यांनी खरेदी, आजार, मृत्यू आणि बंडाचे प्रयत्न यांची नोंद कोरड्या हिशेबी भाषेत ठेवली आहे. बंडाचा कट उघडकीस आणण्यासाठी मुलांच्या अंगठ्यांना लोखंडी स्क्रू लावून ते पिळल्याचीही त्यात नोंद आहे. याच काळात ते खलाशांसाठी रविवारची उपासना घेत, लॅटिन शिकत आणि पत्नीला प्रेमळ पत्रे लिहीत. या दोन गोष्टींमध्ये विसंगती असल्याचे त्यांना जाणवत नव्हते. तत्कालीन इंग्लंडमध्ये हा व्यापार कायदेशीर व प्रतिष्ठित समजला जाई. आपले काम तुरुंगाधिकाऱ्यासारखे आहे, एवढीच अस्वस्थता त्यांना वाटे आणि अधिक माणुसकीचा व्यवसाय मिळावा अशी प्रार्थना ते करीत.

१७५४ मध्ये पुढील सफरीच्या तयारीत असताना त्यांना अचानक झटका आला. वैद्यांच्या सल्ल्यावरून त्यांनी समुद्र कायमचा सोडला. याचाच अर्थ, त्यांनी व्यवसाय सोडला तो प्रकृतीमुळे. सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीमुळे नव्हे. त्यानंतरही मॅनेस्टी यांच्या गुलाम व्यापारात त्यांची गुंतवणूक काही काळ राहिली.

ओल्नी येथील पाळकपद

१७५५ पासून न्यूटन लिव्हरपूल बंदरात जकात खात्याचे अधिकारी होते. या काळात त्यांनी ग्रीक व हिब्रू भाषांचा स्वतः अभ्यास केला. जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जॉन वेस्ली या धर्मप्रबोधनाच्या नेत्यांशी त्यांचा परिचय झाला. १७५७ मध्ये त्यांनी पाळकपदाच्या दीक्षेसाठी अर्ज केला. परंतु विद्यापीठाची पदवी नसल्याने आणि मेथडिस्टांविषयी सहानुभूती असल्याच्या संशयामुळे त्यांना सुमारे सात वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १७६४ मध्ये लॉर्ड डार्टमाउथ यांच्या शिफारशीने बकिंगहॅमशर परगण्यातील ओल्नी या गावी त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी पत्ररूपाने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःच्या पापांची कबुली आहे. मात्र गुलाम व्यापाराचा स्पष्ट निषेध नाही.

ओल्नी हे हाताने लेस विणणाऱ्या गरीब कारागिरांचे गाव होते. न्यूटन घरोघरी जात, मुलांना शिकवत आणि सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रवचन देत. जॉन थॉर्नटन या धनिकाकडून मिळणारी वार्षिक मदत ते गरिबांसाठी आणि पाहुण्यांसाठी खर्च करीत. कवी विल्यम कूपर १७६७ मध्ये ओल्नी येथे राहायला आले. कूपर यांना तीव्र मनोविकाराचे झटके येत आणि ते आत्महत्येस प्रवृत्त होत. अशा एका दीर्घ आजारात न्यूटन दांपत्याने त्यांना वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून सांभाळले. दोघांनी मिळून रचलेल्या ३४८ स्तोत्रांचा संग्रह १७७९ मध्ये ‘ओल्नी हिम्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक स्तोत्रे न्यूटन यांची आहेत. ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र १ जानेवारी १७७३ च्या प्रवचनासाठी रचले गेले.

लंडन आणि गुलाम व्यापाराविरुद्ध साक्ष

१७८० मध्ये न्यूटन लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील सेंट मेरी वुलनॉथ चर्चमध्ये गेले. डिसेंबर १७८५ मध्ये तरुण संसद सदस्य विल्यम विल्बरफोर्स त्यांना गुप्तपणे भेटले. धार्मिक जागृतीमुळे राजकारण सोडावे की काय, अशा संभ्रमात ते होते. न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहून ईश्वराची सेवा करण्याचा सल्ला दिला. विल्बरफोर्स पुढे गुलाम व्यापारबंदीच्या लढ्याचे संसदेतील नेते झाले.

१७८७ मध्ये लंडनमध्ये गुलाम व्यापारबंदीसाठी समिती स्थापन झाली. जानेवारी १७८८ मध्ये न्यूटन यांनी आफ्रिकन गुलाम व्यापाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आपण या व्यवसायात होतो याची त्यांनी त्यात लाज व्यक्त केली आणि ही कबुली फार उशिरा येत असल्याचे मान्य केले. जहाजाच्या पोटात माणसांना फळीवर पुस्तके रचावीत तसे दाटीवाटीने झोपवणे, स्त्रियांवर होणारे अत्याचार, छळाच्या शिक्षा आणि या धंद्याने खलाशांच्या मनाला येणारा निगरगट्टपणा यांचे त्यांनी प्रत्यक्षदर्शी वर्णन केले. पुस्तिकेच्या प्रती संसद सदस्यांना पाठवण्यात आल्या. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलसमोर आणि १७९० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. एका माजी कप्तानाने दिलेली ही माहिती व्यापाराच्या समर्थकांना सहज खोडून काढता येण्यासारखी नव्हती.

भारताशी संबंध

न्यूटन स्वतः भारतात आले नाहीत. त्यांच्या प्रवचनांनी प्रभावित झालेले क्लॉडियस ब्यूकॅनन हे मात्र ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक म्हणून बंगालमध्ये आले आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचे उपप्रमुख झाले. याच कॉलेजात मराठी शिकवणारे विल्यम कॅरी यांचाही न्यूटन यांच्याशी परिचय होता. कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले.

अखेरचे दिवस

पत्नी मेरी यांचे १५ डिसेंबर १७९० रोजी निधन झाले. दांपत्याला अपत्य नव्हते. त्यांनी आप्तांच्या दोन मुलींचा सांभाळ केला होता. उतारवयात न्यूटन यांची दृष्टी व स्मरणशक्ती क्षीण झाली, तरी ऐंशी वर्षांचे होईपर्यंत ते प्रवचन देत राहिले. २५ मार्च १८०७ रोजी गुलाम व्यापारबंदीच्या कायद्याला राजसंमती मिळाली. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, २१ डिसेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. आपल्या समाधीवरील मजकूर त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. आपण कधीकाळी नास्तिक व स्वैराचारी होतो, याचा त्यात उल्लेख आहे.

श्रद्धा आणि आचरण : मूल्यमापन

ख्रिस्ती श्रद्धेने चारित्र्य घडते, या मताचे समर्थक न्यूटन यांचे उदाहरण पुढे करतात. शिवराळ आणि उद्दाम खलाशी दयाळू पाळक झाला, मनोरुग्ण मित्राला त्याने घरात आसरा दिला आणि अखेर स्वतःच्या अब्रूची पर्वा न करता सत्य सांगितले, हे बदल त्यांच्या श्रद्धेशिवाय समजावून सांगणे अवघड आहे.

विरुद्ध बाजूचे पुरावेही त्यांच्याच रोजनिशीत आहेत. प्रार्थना आणि छळाची साधने एकाच जहाजावर नांदत होती. हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हता. व्हाइटफील्ड यांनी जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी यासाठी प्रयत्न केले होते. अँग्लिकन चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचा बार्बाडोस येथे गुलामांकडून कसला जाणारा उसाचा मळा होता. याउलट क्वेकर पंथीयांनी १७५८ मध्येच आपल्या सदस्यांना या व्यापारापासून दूर राहण्याची ताकीद दिली होती, तर वेस्ली यांनी १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लिहिले होते. १७८७ च्या समितीतील बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर होते. तोच धर्मग्रंथ वाचणारे लोक परस्परविरोधी निष्कर्षांवर पोहोचले होते, हे यावरून दिसते.

न्यूटन यांच्या बाबतीत श्रद्धेने व्यसने, भाषा आणि कौटुंबिक आचरण लवकर बदलले. पण ज्या अन्यायाला साऱ्या समाजाची मान्यता होती, तो अन्याय म्हणून दिसायला श्रद्धा एकटी पुरेशी ठरली नाही. त्यासाठी काळ जावा लागला आणि इतरांनी उभ्या केलेल्या चळवळीची साथ लागली. मात्र ती जाणीव झाल्यावर पापाची कबुली देण्याची धार्मिक सवय त्यांच्या उपयोगी पडली. समाजमान्य धंद्यात तारुण्य घालवलेल्या इतर कप्तानांपैकी फार थोड्यांनी स्वतःविरुद्ध अशी साक्ष दिली.

वारसा

‘अमेझिंग ग्रेस’ या स्तोत्राला आज प्रचलित असलेली चाल १८३५ मध्ये अमेरिकेत विल्यम वॉकर यांनी जोडली. पुढे आफ्रिकन-अमेरिकन चर्चमध्ये आणि नागरी हक्कांच्या चळवळीतही हे स्तोत्र गायले गेले. विल्बरफोर्स यांच्या जीवनावरील ‘अमेझिंग ग्रेस’ (२००६) या चित्रपटात अल्बर्ट फिनी यांनी न्यूटन यांची भूमिका केली आहे. न्यूटन दांपत्याचे अवशेष १८९३ मध्ये लंडनहून ओल्नी येथे हलवण्यात आले. तेथे कूपर आणि न्यूटन यांच्या नावाने एक संग्रहालय आहे.