फाळके, ठिपके आणि आजोबांचा फोटो

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला काय आठवतं? टीव्हीवर दिसणारा पुरस्कार. मलाही तेवढंच माहीत होतं. पिक्चर काढायच्या आधी हा माणूस फोटोग्राफर आणि छापखानेवाला होता, हे मला आमच्या आजोबांच्या एका बिघडलेल्या फोटोमुळे कळलं.

आमचं गाव पुसेगाव. सातारचं, सेवागिरी महाराजांचं नव्हे, हिंगोली जिल्ह्यातलं. (हे हॉस्टेलवर दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.) आजोबांच्या एका ऑनलाइन फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत हवा होता. मी मोठ्या हुशारीने तो २४० बाय ३०० पिक्सेलचा केला आणि त्याच नावाने सेव्ह केला. म्हणजे मूळ फोटो गेला. पुढे आजोबाही गेले. तेराव्याला भिंतीवर लावायला १२ बाय १५ इंचांची प्रिंट काढायला दिली, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. हिशोब सोपा आहे, इंचाला फक्त २० पिक्सेल! घरी मला कोणी काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं सगळे सांगतात. हे ३०० आले कुठून, ते शोधत बसले आणि फाळके भेटले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. मुलाला मात्र चित्रांचा नाद. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. तिथे फोटोग्राफी आणि पुढे तीन रंगांचे ब्लॉक करण्याची विद्या हाती आली. गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ टाकला, पण १९०० च्या प्लेगमध्ये बायको आणि मूल दोन्ही गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला छपाईचं काम सुरू केलं आणि राजा रविवर्म्यांच्या प्रेससाठीही काम केलं. पुढे हाच धंदा दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईची मशिनरी पाहायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले.

आता ब्लॉकची गंमत सांगते, कारण आपल्या ब्रँचला ही आवडेल. छापताना शाई एकतर लागते किंवा लागत नाही. करडी शाई नसते. मग गालावरची सावली छापायची कशी? त्यासाठी काचेवर बारीक उभ्या-आडव्या रेघांची जाळी असायची. ती कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या पुढे किंचित अंतरावर लावायची, की फोटो ठिपक्यांत फुटतो. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. मग ते पत्र्यावर उतरवून ॲसिडने कोरायचे. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला इंचात ६५ ते ८५ रेघांची जाळी चालते, गुळगुळीत आर्ट पेपरला १५० पर्यंत. आणि चांगल्या छपाईसाठी रेघांच्या साधारण दुप्पट पिक्सेल लागतात. झाले की नाही ३००!

महत्त्वाचं म्हणजे एकदा कोरलेला ब्लॉक ताणून मोठा करता येत नाही. चित्र केवढं छापायचं आणि कुठल्या कागदावर, हे कॅमेऱ्यासमोर असतानाच ठरवायचं. मी नेमकं याच्या उलटं केलं होतं. मेलसाठी, स्क्रीनसाठी ६४० बाय ४८० चा फोटो मस्त दिसतो, पण छापायला घेतलात तर जेमतेम दोन इंच भरतो. म्हणून लहान कॉपी वेगळ्या नावाने ठेवा. आपल्या मॅगझिनला फोटो पाठवतानासुद्धा, प्लीज!

भागीदारांशी पटेना म्हणून फाळक्यांनी १९११ च्या सुमारास छापखाना सोडला. वय चाळीस, हातात काही नाही. तेवढ्यात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच वेड शिरलं. रात्रंदिवस सिनेमे पाहून आणि प्रयोग करून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. बरे झाल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसे लावणाऱ्यांना दाखवायला त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं शूट केलं. महिनाभराची वाढ मिनिटभरात!

आणि इथे चित्राचा साइज पुन्हा आला. ३५ मिलिमीटर फिल्मवरचं एक चित्र साधारण २५ बाय १८ मिलिमीटरचं, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढं. पडद्यावर ते भिंतीएवढं होणार. तिकिटावरची बारीकशी चूकसुद्धा भिंतीवर दिसणारच. कच्च्या फिल्मला कडेची भोकंही घरीच पाडायची. ते काम अंधारात करायच्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. शिवाय केमिकल्स कालवायच्या आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाकही करायच्या. दागिनेही त्यांचेच गेले. मला वाटतं अर्धा पुरस्कार त्यांच्या नावाने असायला हवा होता.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ चा ‘लंकादहन’ तर खूपच चालला. पण बोलपट आले आणि फाळके मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकच बोलपट, शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा फारशी कोणाला आठवणही नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती. त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं आहे. मधली गेली.

आजोबांचं म्हणाल तर आत्याकडे जुन्या बँक पासबुकात त्यांचा पासपोर्ट फोटो सापडला, रोलच्या जमान्यातला. १२०० डीपीआयवर स्कॅन केला. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे साधारण १६५० बाय २१२० पिक्सेल झाले, म्हणजे १२ इंचांवर इंचाला १३७. चौकोन गेले. चेहरा जरा मऊ आलाय, आणि आजोबा त्यात वीस वर्षांनी तरुण आहेत, त्यामुळे आजी म्हणते हे कोण? मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे.